गाण्या-नाचाची आवड लागावी म्हणून लहान मुलांना बाहुल्यांचा कुठला टीव्ही शो दाखवावा?

तुमचा प्रश्न असा की मुलगी साडेचार वर्षांची आहे, मोबाइलवर एकामागून एक बालगीतांची कार्टून्स बघत बसते, जागची हलत पण नाही, तर गाणं आणि नाच यावर बाहुल्यांचा एखादा बरा टीव्ही शो आहे का. आणि जाता जाता विचारलंय की त्या बाहुल्या नाचतात तरी कशा. मला खरं तर त्या जाता जाता विचारलेल्यावरच बोलायचंय, पण आधी नाव सांगून मोकळी होते: फ्रॅगल रॉक. जुना. मपेट नावाच्या बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनचा.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत एचबीओ चॅनलवर सुरू झाला, १९८७ पर्यंत चालला, एकूण ९६ भाग, शूटिंग कॅनडात टोरांटोला. गोष्ट म्हणाल तर डॉक नावाचा एक म्हातारा संशोधक, त्याचा स्प्रॉकेट नावाचा कुत्रा, त्यांच्या खोलीच्या भिंतीला एक भोक आणि त्या भोकाच्या पलीकडे गुहाच गुहा, तिथे हे फ्रॅगल नावाचे बाहुले-प्राणी राहतात. गंमत म्हणजे हा डॉकवाला तुकडा काही देशांत तिथलेच नट घेऊन वेगळा शूट केला होता, इंग्लंडमध्ये डॉकच्या जागी दीपगृह सांभाळणारा कॅप्टन होता. फ्रॅगल लोक आठवड्यातून अर्धा तास काम करतात, बाकी वेळ गाणी म्हणायची, नाचायचं, पोहायचं आणि मुळे खायचे. (हे मी आमच्या घरात सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, आम्हाला पण घ्या तिकडे.)

पण म्हणून तो नुसता धांगडधिंगा नाहीये. गाण्यांच्या चाली फिलिप बालसमच्या आणि शब्द डेनिस ली यांचे, आणि हे ली म्हणजे कॅनडातले नावाजलेले कवी, लहान मुलांच्या कविता लिहिणारे. हा फरक ऐकताना कळतो. यूट्यूबवरच्या त्या कार्टूनांत एकच ठेका आणि एकच कीबोर्ड दिवसभर टुणटुण करत असतो, इथे एका भागात लोकगीतासारखं काहीतरी, दुसऱ्यात ब्लूज म्हणजे अमेरिकेतलं ते उदास ढंगाचं गाणं, तिसऱ्यात चर्चमध्ये टाळ्या वाजवत गातात तसं. आणि ज्याचा जसा स्वभाव तसं त्याचं गाणं. बूबर नावाचा एक आहे, डोळ्यांवर टोपी आणि केस, सतत घाबरलेला, जगात त्याला आवडणारी गोष्ट म्हणजे कपडे धुणं, तर तो गाणार ते पण पडेल आवाजात रडगाणंच. रेड म्हणजे दोन शेंड्या बांधलेली आगाऊ पोरगी, तिचं सगळं वरच्या पट्टीत. साडेचार वर्षांच्या मुलीला ब्लूज म्हणजे काय ते सांगायची गरजच पडत नाही, बूबर गातोय म्हणजे आता काहीतरी बिनसलंय एवढं तिला बरोब्बर कळतं.

इंग्रजी आहे म्हणून अडेल असं वाटत असेल तर नाही अडत. माझी भाची बघायची तेव्हा तिला इंग्रजीत रंग आणि प्राणी सोडून काही येत नव्हतं.

एक भाग मुद्दाम शोधून दाखवा, फिरत्या गवयांचा. कँटस नावाचा एक गवई बासरीसारखं काहीतरी घेऊन आपल्या टोळीबरोबर येतो आणि प्रत्येकाला आपापलं गाणं शोधायचं असतं, आणि सगळ्यात जास्त मिरवणाऱ्या रेडलाच तिचं गाणं सापडत नाही. कँटस काही तिला शिकवत बसत नाही, त्याचं सगळं लक्ष ऐकण्यावर. त्याला आवाज आणि हात खुद्द जिम हेन्सनचा आहे. गाण्याच्या क्लासला घालण्याआधी मुलांना हे दाखवायला पाहिजे असं माझं मत आहे, क्लासमध्ये पहिल्या दिवशीच सा लावायला सांगतात, कोण काय गातंय ते ऐक असं कोणी सांगत नाही.

आता नाच. हा शो लावला तेव्हा भाची पाच वर्षांची होती. दुसऱ्या की तिसऱ्या भागाला मी स्वयंपाकघरातून बघते तर ही दिवाणाच्या मागे गुडघ्यावर बसलेली, दिवाणाच्या वर फक्त कमरेपासून दिसतेय, आणि दोन्ही हात ढिले सोडून मान आणि खांदे जोरजोरात हलवतेय. म्हटलं अगं उभी राहून नाच की. तर म्हणाली, "मावशी, त्यांना पाय नाहीयेत."

मी इतके भाग बघितले होते आणि माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच, तो सगळा नाचणारा समाज, आणि जवळजवळ प्रत्येक शॉट कमरेपर्यंत कापलेला. कुठे दगड, कुठे झुडूप, कुठे पुढे उभे असलेले दुसरे फ्रॅगल. पाय दिसतात ते क्वचित, आणि ते दाखवायला वेगळी खटपट करावी लागते. कारण साधं आहे, बाहुलीच्या खाली माणूस असतो. सेट जमिनीपासून उंच बांधतात आणि चालवणारे खाली उभे राहून किंवा चाकाच्या पाटावर बसून हात वर धरतात. उजवा हात बाहुलीच्या डोक्यात, तो तोंड उघडतो, आणि डाव्या हातात बारीक काड्या, त्या बाहुलीच्या हातांना जोडलेल्या. त्यामुळे बाहुली जे काही नीट करते ते डाव्या हाताने करते, मपेट मंडळी बहुतेक सगळी डावरी आहेत ती ह्याच्यामुळे, चालवणारा उजवा म्हणून. आणि चालवणाऱ्याला स्वतःची बाहुली दिसत नाही बरं का, त्याच्यासमोर खाली एक टीव्ही ठेवलेला असतो, कॅमेऱ्यात जे दिसतंय ते त्यात बघत बघत हात हलवायचा, आणि ते चित्र आरशासारखं नसतं, म्हणजे सवय नसेल तर बाहुली डावीकडे न्यायला जावं आणि ती उजवीकडे जाते.

तर नाच कुठून येतो, मनगटातून. ठेक्यावर मनगट खाली-वर, त्याने बाहुलीचं सगळं अंग उसळतं, आणि त्यावर केस आणि शेंड्या अर्धा क्षण उशिरा येऊन पडतात. तो उशीरच डोळ्याला नाच वाटतो. रेडच्या शेंड्या बघा एकदा, तिला चालवणारी कॅरन प्रेल, ती शेंड्यांनी सम गाठते असं मी म्हणेन. आपल्याकडे राजस्थानी कठपुतळीला पण सहसा पाय नसतात, लांब घागरा असतो आणि तो गोल फिरला की आपल्याला गिरकी दिसते. युक्ती तीच, तिकडे वरून दोरीने आणि इकडे खालून हाताने. आपल्या सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या आहेत, तिकडे सुट्टीत गेलात तर मुलीला आवर्जून दाखवा, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ह्याच कामासाठी पद्मश्री मिळाली. तमिळनाडूतल्या बोम्मलाट्टम् या बाहुल्यांच्या खेळात तर दोऱ्या चालवणाऱ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधतात, म्हणजे बाहुली मोठी आणि जड, आणि तिला नाचवायचं तर स्वतःचं डोकं नाचवायला लागतं.

हे मी इतकं छातीठोकपणे सांगतेय कारण आम्ही एकदा सोसायटीच्या गणपतीत हा उद्योग केलेला आहे. सोफावाल्याकडून स्पंज आणला, तो कापून डोकं केलं, वर जुन्या स्वेटरचं कापड, डोळ्यांना पिंगपाँगचे बॉल. दोन खुर्च्यांमध्ये साडी बांधली आणि मागे मी आणि शेजारची ताई. गाणं साडेतीन मिनिटांचं. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्या कडव्याला हात भरून आला, आणि आम्हाला खाली बसून काहीच दिसत नव्हतं, नंतर व्हिडिओ बघितला तर बाहुली हळूहळू साडीमागे बुडत गेलेली, शेवटी नुसते डोळे वर आणि तेसुद्धा पंख्याकडे बघतायत. तोंडाचं पण तेच, आपण बोलताना खालचा जबडा पाडतो आणि नवखा माणूस बाहुलीचं तोंड उघडताना वरची चार बोटं उचलतो, मग प्रत्येक शब्दाला बाहुली डोकं मागे टाकून आभाळाकडे गाते. अंगठा खाली पडला पाहिजे, बोटं हलता कामा नयेत. हे नंतर कळलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या पण त्या बुडण्याला वाजवल्या.

वाद्यांचा मामला अजून वेगळा. दोन्ही हातांनी वाजवायचं म्हणजे काड्या पुरत नाहीत. हेन्सनच्याच मपेट शोमधला राउल्फ नावाचा पियानो वाजवणारा कुत्रा आठवत असेल तर त्याच्या पंजांत माणसांचे खरे हात असतात, डोकं आणि डावा पंजा एकाचा, उजवा पंजा शेजारी चिकटून उभ्या असलेल्या दुसऱ्याचा. दोन माणसं मिळून एक कुत्रा पियानो वाजवतोय. सूर अर्थात आधी रेकॉर्ड केलेला. ढोल बडवणारा तो केसाळ ॲनिमल आहे ना, त्याला चालवायचा फ्रँक ऑझ आणि ड्रम ऐकू येतो तो रॉनी व्हेरेल ह्या इंग्लिश जॅझ ड्रमरचा. आणि पायासकट नाच हवा असेल तर माणूसच आत घालावा लागतो. रुडॉल्फ नुरेयेव्ह म्हणजे त्या काळचा जगातला बॅलेचा बाप, तो मपेट शोमध्ये आला आणि माणसाएवढ्या डुकरिणीबरोबर बॅले नाचला, त्या डुकरिणीच्या आत रॉयल बॅलेचा नर्तक होता. हे एक शोधून बघाच, मुलीसाठी नाही तर स्वतःसाठी. फ्रॅगल रॉकमध्ये गॉर्ग नावाचे राक्षस आहेत त्यांचं पण तसंच, एक माणूस आत घामाघूम आणि दुसरा बाहेरून रिमोटने त्याचं तोंड-डोळे हलवतोय आणि बोलतोय.

बाकीचे शो पटकन. मपेट शो चांगलाच आहे पण त्यातले विनोद मोठ्यांचे आहेत, आठ-नऊ वर्षांपुढे दाखवा. अगदी संगीत, नाच, नाटक ह्याच विषयावरचा हवा असेल तर ज्यूलीज ग्रीनरूम, नेटफ्लिक्सवर २०१७ ला आला, १३ भाग, साउंड ऑफ म्युझिकवाली ज्यूली अँड्र्यूज बाहुली-मुलांना घेऊन नाटक बसवते आणि दर भागाला कोणीतरी खरा कलाकार येतो, व्हायोलिनवाला जोशुआ बेल वगैरे. त्यातला पियानो वाजवणारा हँक व्हीलचेअरवर आहे आणि त्याचं कोणी अवडंबर करत नाही ते मला फार आवडलं. पण शो थोडा शाळेसारखा आहे, समजावून सांगतात, साडेचारला जरा लवकर होईल. हिंदी हवं तर गली गली सिम सिमचे जुने तुकडे बघा, त्यातला बूम्बा नावाचा सिंह भांगड्याचा शौकीन आहे. फ्रॅगल रॉकचा नवा अवतार २०२२ ला ॲपल टीव्हीवर आला, मी बघितलं तेव्हा जुना पण तिथेच होता. नवा जास्त चकचकीत आहे, मी तरी जुन्यापासून सुरुवात करा म्हणेन. लॉकडाऊनमध्ये तर त्या लोकांनी आपापल्या घरी बसून आयफोनवर छोटे भाग शूट केले होते, ते पण गोड आहेत.

आणि एक करून बघा, भाग बघून झाला की टीव्ही बंद करून मुलीच्या हातात एक जुना मोजा घाला, लांब असेल तर बरं, बाबांचा वगैरे. डोळे-बिळे काही चिकटवू नका आधी. गाणं लावा आणि मोज्याला गायला सांगा. माझ्या भाचीने पहिले दोन दिवस नुसतं तोंड उघड-मीट केलं, मग मनगट उसळायला लागलं, कोणी न सांगता. चौथ्या दिवशी तिला मोज्याकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या होत्या. एक हात आत अडकलेला, दुसरा मोज्याचा डावा हात झालेला, टाळीला अजून एक कमी पडतोय, बराच वेळ तिने खटपट केली आणि मग मला हाक मारली, मावशी इकडे ये, तू उजवा हात हो. हात पिठाने भरलेले होते, तसेच धुतले आणि जाऊन बसले दिवाणामागे.