पुण्याच्या थंडीत मीलवर्म, सुपरवर्म आणि रातकिडे उबेत कसे ठेवायचे? हीटिंग मॅट घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की फिंच पक्ष्यांच्या जोड्यांना खाऊ घालायला मीलवर्म आणि सुपरवर्मचे (दोन्ही भुंग्यांच्या अळ्याच) दोन टब आणि रातकिड्यांचं एक खोकं ड्राय बाल्कनीत ठेवलंय. डिसेंबर लागल्यापासून अळ्या हलत नाहीत, रातकिडे रोज चार-पाच मरतात, आणि कोणीतरी हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, घ्यायला सांगितलीय.

मॅट लगेच घेऊ नका. आधी ते सगळं ड्राय बाल्कनीतून घरात आणा.

मी कोथरूडला राहतो. घरी एक सिल्व्हर अरोवाना मासा आहे आणि त्याच्या पोटासाठी गेले सहा हिवाळे मी हेच तीन किडे सांभाळतोय. बायकोचं म्हणणं असं की, ज्या किडीने गव्हात पाऊल टाकू नये म्हणून लोक गव्हाला बोरिक पावडर चोळतात, तिला आपण कोंडा विकत आणून खाऊ घालतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बोरिक पावडरीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आधी तपासा. अळ्या थंडीनेच गारठल्यात ना? पाच-सहा अळ्या तळहातावर घ्या आणि मूठ सैलसर मिटा. नुसती गारठलेली अळी दोन-तीन मिनिटांत वळवळायला लागते. वळवळली नाही, मऊ किंवा काळी पडली असेल, तर ती मेलीय, आणि तशा बऱ्याच निघाल्या तर कोंड्यावर संशय घ्या. घरच्या साठवणीच्या गव्हाला बोरिक लावलं असेल किंवा डब्यात धान्याच्या औषधी गोळ्या ठेवल्या असतील आणि त्याच पिठाचा चाळून उरलेला कोंडा टबात गेला असेल, तर कितीही ऊब देऊन उपयोग नाही. कोंडा असा आणायचा की त्या गव्हाला काय लावलं होतं हे माहीत असेल.

आता थंडीचं. पुण्याचा हिवाळा म्हणजे दुपारी २८-३० अंश आणि पहाटे १०-१२. शिवाजीनगरला जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ पर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण तेवढी वेळ आपल्यावर येत नाही. फार तर काही पहाटा दहाच्या खाली जातात. म्हणजे अडचण रात्री दहा ते सकाळी नऊ एवढ्याच वेळाची. दिवसाची ऊब रात्री टिकवून धरली की अर्ध्याहून जास्त काम होतं. त्यासाठी पहिली खरेदी मॅटची नाही, किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणाऱ्या साध्या डिजिटल थर्मामीटरची करा, वायरीला सेन्सर असलेला. तो एकेक रात्र घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. आमच्याकडे जानेवारीतल्या एकाच आठवड्यात पहाटेचे आकडे असे आले: ड्राय बाल्कनी ११, हॉलची फरशी १७, फ्रिजच्या वर २१, माळा २२. एकच घर, आणि अकरा अंशांचा फरक! गरम हवा वर जाते, वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापून रात्री सावकाश निवतो, फ्रिज स्वतःची उष्णता बाहेर टाकत असतो. हे सगळं फुकट आहे. फरशीवर मात्र काहीही ठेवू नका. निदान लाकडी पाट तरी खाली सरकवा.

आता तिघांचं वेगवेगळं बघायला हवं, कारण एकच औषध तिघांना लागू पडत नाही.

मीलवर्मना थंडीत काहीच करावं लागत नाही असं मी म्हणेन. २५ ते २८ अंशांत ते छान वाढतात, पण १५-१६ ला मरत नाहीत, नुसते थांबतात. दुकानदार त्यांना फ्रिजमध्ये ठेवतात ते याच कारणाने. तुमच्या फिंचची पिल्लं नसतील आणि महिनाभर उत्पादन कमी चाललं तर त्यांना थांबू द्या. भुंगे आणि कोष असलेला एकच डबा उबेत ठेवला की फेब्रुवारीत नवी पिढी मिळते. आणि टब भरलेला असेल तर अळ्यांच्या दाटीने तो आपोआप तापतो. मधोमध बोट खुपसून बघा, कडेपेक्षा गरम लागेल.

सुपरवर्म दिसायला त्यांचे थोरले भाऊ, पण स्वभाव उलटा. त्यांना फ्रिज म्हणजे मरण. बाल्कनीतली ११ अंशांची पहाट त्यांना सोसत नाही, म्हणून आज एकच टब आत आणणार असाल तर हा आणा. त्यांना शक्यतो २५ च्या आसपास ठेवा, पहाटे माळ्याएवढं २२ झालं तरी चालतं. कोष करायला लावायचे असतील तर एकेक अळी वेगळ्या डबीत ठेवावी लागते, कारण गर्दीत असताना ती कोषात जातच नाही. एकटी पडली की आठवडा-दोन आठवड्यांत इंग्रजी सी सारखी वळते आणि मग कोष होतो. या डब्या मी औषधांच्या रिकाम्या खोक्यात रचून थेट माळ्यावर टाकतो. एकट्या अळीला दाटीची ऊब मिळत नाही, म्हणून सगळ्यात उबदार कोपरा तिचा.

खरी कटकट रातकिड्यांची. त्यांना २८ ते ३२ हवं, आणि अंड्यांना तर हवंच हवं. ओल्या कोकोपीटमधली (नारळाच्या काथ्याच्या भुशातली) अंडी ३० अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत फुटतात. तापमान २४-२५ वर राहिलं की माझ्या वहीप्रमाणे जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, आणि तोवर कोकोपीटवर बुरशी धरते. थंडीत वंश बुडतो तो असा. मोठे रातकिडे मेल्याचं दिसतं, अंडी फुटली नाहीत हे महिन्याने कळतं. त्यांची एक सोय मात्र आहे, ते स्वतःच थर्मामीटर आहेत. ऊब वाढली की किरकिर भराभर, गारठा आला की संथ. अमेरिकेतल्या डॉल्बेअर नावाच्या प्राध्यापकांनी १८९७ मध्ये रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. त्यांचा रातकिडा वेगळ्या जातीचा धरतात, त्यामुळे आकडेमोड करत बसू नका. पण मला आता अंथरुणात पडल्या पडल्या कळतं की खोकं गार पडतंय.

मॅटकडे येतो. मॅट वाईट नाही, ती लावायची पद्धत बहुतेकांची चुकते. कोंड्याच्या टबाखाली मॅट सरकवली की कोंडा गोधडीसारखा वागतो. उष्णता वर येत नाही, तळाशीच साठते. गारठलेल्या अळ्या उबेसाठी खाली जातात आणि तिथेच भाजतात. वरून हात लावला तर टब गारच! मॅट लावायचीच तर टबाच्या बाजूला उभी, एकाच अंगाला, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूला सरकेल. आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या नियंत्रकाशिवाय, कधीच नाही. अंडी उबवायच्या यंत्रात वापरतात ते छोटे तापमान-नियंत्रक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. जोडणी जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पण थर्मोस्टॅट असला की निश्चिंत झालो, असं मलाही वाटलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात मी थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला, नियंत्रक २९ वर ठेवला आणि सेन्सर चिकटपट्टीने आतल्या भिंतीला चिकटवला. आठ दिवस उत्तम चाललं. नवव्या दिवशी आतल्या दमटपणाने पट्टी सुटली, सेन्सर झाकणाच्या फटीतून बाहेर घसरला आणि फरशीवर पडून राहिला. फरशी १७ अंशांवर. नियंत्रकाला वाटलं अजून थंडीच आहे, त्याने बल्ब रात्रभर चालू ठेवला. सकाळी झाकण उघडलं तर वाफ तोंडावर आली. चारेकशे रातकिडे, त्यांना बसायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांच्या ट्रेला चिकटलेल्या जागीच मेले होते. थंडीने माझे एवढे कधी मेले नव्हते.

तेव्हापासून ऊब देणारी कुठलीही वस्तू घेताना मी एकच प्रश्न विचारतो: सगळं बिघडलं तर ही जास्तीत जास्त किती तापेल? ६० वॅटच्या बल्बचं उत्तर भयंकर आहे. म्हणून आता माझ्या खोक्यात लोणच्याची मोठी काचेची बरणी असते. गळ्यापर्यंत पाणी, त्यात माशांच्या टाकीचा २५ वॅटचा हीटर बुडवलेला, झाकणाला वायरीपुरतं भोक. हीटर ३२ वर ठेवला की खोक्यात २७-२८ मिळतात आणि अंड्यांचा डबा बरणीला टेकवून ठेवला की त्याला ३० च्या आसपास. हीटरचा थर्मोस्टॅट अडकलाच तरी २५ वॅट एवढं पाणी तापवायला फार वेळ घेतात, तोवर आपल्या लक्षात येतं. वीज गेली तरी पाणी तास-दीड तास धरून ठेवतं. रात्री दहा तास चालला तरी पाव युनिट, महिन्याला साडेसात. फक्त पाण्याची पातळी आठवड्याला बघा, हीटर उघडा पडला तर काच तडकते. आणि हीटरला हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे सांगायला नको.

थर्माकोल बाहेरूनच लावा. मीलवर्म थर्माकोल खातात, ही थट्टा नाही. त्यांच्या पोटातले जिवाणू तो पचवायला मदत करतात यावर २०१५ मध्ये शोधनिबंध आले होते. आपल्याला त्या संशोधनाशी कर्तव्य नाही, पण आतून अस्तर लावलं तर महिन्यात त्याची चाळणी होईल आणि पांढरे कण कोंड्यात मिसळतील. रातकिडेही कुरतडतात. म्हणून किडे प्लॅस्टिकच्या टबात, टब थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोक्याभोवती गोधडी. जुनी, चार पदरी, आजीच्या लुगड्यांची असेल तर उत्तम. माझ्या आईला त्या गोधडीचा हा उपयोग अजून सांगितलेला नाही. बल्ब असेल तिथे मात्र कापड लावायचं नाही.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा काय, असं विचाराल. दोन लिटरच्या बाटलीत ६० अंशांचं पाणी भरून टॉवेलात गुंडाळून ठेवा. ते ३० पर्यंत उतरताना जेवढी उष्णता देतं तेवढी द्यायला २५ वॅटच्या हीटरला पावणेतीन तास लागतात. उकळतं पाणी ओतू नका, बाटली आकसून वाकडी होते.

एक धोका उबेसोबतच येतो, ओल. आत गरम, झाकण गार, की झाकणाला थेंब धरतात आणि कोंड्यात पडून गोळे होतात. मग कडेने पिठासारखी सरकणारी धूळ दिसते. ती धूळ नसते, धान्यातले माइट, म्हणजे अगदी बारीक किडे असतात, आणि एकदा शिरले की टब रिकामा करून उन्हात तापवल्याशिवाय जात नाहीत. म्हणून मीलवर्म-सुपरवर्मच्या टबांना झाकण नकोच, कडा गुळगुळीत असल्या की ते चढत नाहीत. रातकिड्यांना धातूची बारीक जाळी, कारण प्लॅस्टिकची ते कातरतात. थंडीत खाणं कमी होतं, तेव्हा गाजर-बटाटाही कमी घाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं उचला.

फेब्रुवारीत दुपारी ३३-३४ व्हायला लागलं की गोधडी काढा, मग हीटर, मग थर्माकोल, या क्रमाने. होळीची वाट बघू नका.

तुमचा सुपरवर्मचा टब आज रात्रीच माळ्यावर जाऊ दे. बाकीचं रविवारी करा. आणि रातकिड्यांच्या खोक्यात अंडी घालायला ओलं कोकोपीट ठेवलंय का, ते खाली लिहा. नसेल तर आधी ते.