परदेशात सेवेला गेलेल्या ख्रिस्ती मिशनरी जोडप्याचा दिवस कसा जातो?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमचे यजमान आपल्या चर्चच्या मंडळीतर्फे दोन-तीन वर्षं परदेशी सेवेला जायचा विचार करताय, आणि असं जोडपं दिवसभर काय करतं, लोकांच्या खरंच उपयोगी पडतं का, हे तुम्हाला हवंय. मी स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पण परदेशातून आमच्या नगर जिल्ह्यात आलेल्या एका अमेरिकन जोडप्याच्या बंगल्यावर माझी आजी चौदा वर्षं राबली. त्यामुळे मी उत्तर देणार ते पडवीच्या बाजूने.

दिवसाचं म्हणाल तर साहेबांचा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो. सकाळची प्रार्थना, शाळांची तपासणी, पाळकांच्या बैठका, थंडीत तंबू घेऊन गावोगाव दौरा, रात्री टाइपरायटरवर अमेरिकेतल्या मंडळ्यांना पत्रं. पैसा तिकडून यायचा, म्हणून पत्रं चुकवून चालत नसत. मडमचा दिवस मात्र कुठे लिहिलेला नाही. तो मला आजीच्या तोंडून कळला. पहाटे पाचला मागच्या पडवीत माणसं येऊन बसलेली असायची. खरूज, डोळे आलेले, हिवताप, आणि सगळ्यात जास्त नारू, म्हणजे पायाच्या कातडीतून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब जंत. आमच्याकडे पायऱ्यांच्या बारवा होत्या, लोक पाण्यात उतरून घागरी भरायचे, तेच पाणी प्यायचे. नारूचं तोंड बाहेर आलं की तो काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाई केली आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं. तोवर आजी नव्हती, नाहीतर तिने पेढे वाटले असते.

पडवी उरकली की मुलींचं वसतिगृह, धान्याचा हिशेब, शिवणवर्ग, आजारी शिक्षकाच्या जागी वर्ग. मडमची स्वतःची दोन मुलं कोडाईकनालच्या शाळेत. वर्षातले बरेच महिने तिकडेच. आजी सांगायची, त्यांचं पत्र आलं की मडम ते वाचायची नाही, आधी पदराखाली धरल्यासारखं छातीशी धरायची, आणि पडवी संपल्यावर खोलीचं दार लावून उघडायची. तुम्हाला मुलं असतील तर हा विचार आधी करा. बाकी सगळं सोसतं.

आता मूळ गोष्ट. १९५२ चा पावसाळा. साहेब मिशनच्या बैठकीला मुंबईला गेलेले. रात्री आजीच्या माहेरच्या गावाहून बैलगाडी आली. तिथल्या वाड्यातली सून दोन दिवस अडलेली, बाळ पायाळू, गावच्या सुईणीने हात टेकलेले. मडम परिचारिका नव्हती. ती लग्नाआधी संगीत शिकवायची. बाळंतपणाचं जे काही होतं ते आजीला येत होतं, कारण आजीची आई सुईण. दोघी निघाल्या, ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, बैल उतरेनात तर आजी पुढे होऊन कासरा धरून चालली.

वाड्याच्या दारात म्हातारी सासू उभी. म्हणाली, मडम आत चालेल, ही नको. आजी त्याच गावच्या महारवाड्यातली लेक, वर ख्रिस्ती झालेली. मडम काय खाते ते साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं, तरी मडम चालत होती. आजी काही बोलली नाही. वाड्याला वळसा घालून परसात गेली आणि बाळंतिणीच्या खोलीच्या झरोक्याखाली उभी राहिली. वरून पाऊस. तिथून तिने ओरडून सगळं बाळंतपण केलं.

मी एकतीस वर्षं प्रसूती विभागात नर्स होते, म्हणून सांगते, पायाळू बाळात सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओढणं. पाय दिसले की हात शिवशिवतात, आणि ओढलं की बाळाचे हात वर जातात, मान ताठ होते, डोकं अडकतं. आजी बाहेरून ओरडत होती, "ओढू नका, कळ येऊ द्या! लोंबू द्या त्याला! मानेपाशी केस दिसले का?" मडमला मराठी पंडिताने शिकवलेलं, पुस्तकी. त्या पंडिताकडे 'वेदना' होती, 'कळ' नव्हती. 'कळ' मडमला पडवीत कळली होती, बायकांच्या तोंडून. तो शब्द तिला त्या रात्री ठाऊक नसता तर ते मूल गेलं असतं. मुलगा झाला. त्याचा नातू आता आमच्या तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो.

माझं मत विचाराल तर मडमने दारातच हट्ट धरायला हवा होता, की हिला आत घ्या, नाहीतर मीही येत नाही. आजीला मी हे म्हटलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "भांडत बसलो असतो तर पोर मेलं असतं. मला पोर पाहिजे होतं, उंबरा नको होता." माझं मत अजून बदललेलं नाही.

पुढच्या वर्षी साहेबांचा अहवाल छापून गेला. त्यात एवढंच होतं की मिशनने एका अवघड बाळंतपणात मदत केली. मडम नाही, आजी तर नाहीच. ही त्या एका साहेबाची खोड नव्हती, ती फार जुनी रीत. साहेबांना पाठवणारी मिशन संस्था म्हणजे अमेरिकन बोर्ड. तिच्याच कागदांत एकोणिसाव्या शतकात बायकांना 'साहाय्यक मिशनरी' म्हणत. मुंबईत हे लोक १८१३ ला आले, नगरला १८३१ ला. सिंथिया फॅरार १८२७ ला एकटी, बिनलग्नाची आली, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांचं प्रशिक्षण तिच्याकडे झालं. म्हणून तिचं नाव तरी राहिलं. नवऱ्याबरोबर आलेल्या कितीजणींचं राहिलं? स्कॉटलंडहून जॉन आणि मार्गारेट विल्सन १८२९ ला आले, हर्णैला राहून मराठी शिकले. मार्गारेटने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ ला इथेच वारली. गिरगाव चौपाटीसमोरचं कॉलेज ज्यांच्या नावाचं ते जॉन विल्सन सगळ्यांना माहीत. मार्गारेटचं नाव किती जणांनी ऐकलंय? वाईला लेस्टर आणि रोझ बील्स हे दोघेही डॉक्टर, रोझ आमच्या नगरकडच्या फेअरबँक घराण्यातली. तिच्याही नावापुढे डॉक्टर होतं, म्हणून ती सावलीत गेली नाही.

आमच्या मंडळीची स्मरणिका निघाली तेव्हा माझे थोरले भाऊ संपादक. त्यांनी तो अहवाल जसाच्या तसा घेतला आणि खाली 'साहेब व त्यांच्या पत्नी' असा फोटो छापला. त्या फोटोत मागे पडवीच्या खांबाला टेकून आजी उभी आहे. तिचं नाव नाही, आणि मडमचंही नाही. स्मरणिकेच्या आधी वर्षभर मडमच्या मुलीने अमेरिकेहून आईच्या पत्रांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या. त्यांचं मराठी मीच केलं. मडमने बहिणीला लिहिलेल्या पत्रात ती रात्र तीन पानं आहे. त्यात तिने आजीचं पूर्ण नाव लिहून म्हटलंय की बाळंतपण हिने केलं, मी फक्त तिचे हात होते. मी ते पत्र भावांपुढे ठेवलं. म्हणाले, जागा नाही, आणि साहेबांच्या अहवालाला खोटं कसं पाडायचं? त्यांना असंही वाटत होतं की साहेबांनी आपल्याला वर काढलं, त्यांच्यात उणं काढू नये. साहेबांच्या उपकाराचं मलाही पूर्ण भान आहे. माझं शिक्षण त्यांच्याच शाळेत झालं. पण उपकार मानायला आजीला झरोक्याबाहेर ठेवायची गरज नाही.

म्हणून ताई, जायचं तर जा, पण काही गोष्टी आधी ठरवा. भाषा वर्गात शिका, पण कान ठेवा जिथे बायका पाणी भरतात तिथे. ज्या गावात जाल तिथे सुईण असेल, वैदू असेल, शाळेत कोणी शिकलेली मुलगी असेल. तिला आधी विचारा, मग आपली पेटी उघडा. दुसरं, अहवाल दोघांनी मिळून लिहायचा आणि त्यात तुमचं नाव 'यांच्या पत्नी' म्हणून येऊ द्यायचं नाही. यजमानांना हे निघायच्या आधी सांगा, तिकडे गेल्यावर कामाच्या रगाड्यात ते होत नाही. आणि तिथल्या माणसाने केलेलं काम त्याच्या नावाने लिहायचं. तिसरं, तुमच्या कामाचा पैसा जिथून येतो तिथल्या लोकांना अपयशही कळवा.

हे सगळं सत्तर वर्षांपूर्वीचं आहे, हे मला मान्य. आज व्हिसाचे नियम वेगळे, बऱ्याच देशांत धर्मप्रचाराला बंदी, डॉक्टरी करायला तिथला परवाना लागतो. आमच्या मडमसारखं कोणी आज नुसत्या मायेवर बाळंतपणाला हात लावू नये. ते तेव्हाही धोक्याचंच होतं. धर्मांतराचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, तरी खाली कोणीतरी काढेलच. आमचं घराणं पडवी उघडायच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेलं, आणि पडवीत येणाऱ्या बहुतेकांनी आपला धर्म बदलला नाही. वाड्यातल्या त्या सुनेनेही नाही. तिने दर दिवाळीला आजीकडे फराळाचं ताट पाठवलं, सासू गेल्यावर स्वतः घेऊन आली, आणि आजी वारली तेव्हा कबरस्तानात बायकांच्या घोळक्यात पहिली उभी होती.

पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. भाऊ हे वाचत असतील तर सांगते, स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय असं कानावर आलंय. तीन पानं आहेत, टाइप करून तयार ठेवलीत, कधीही घेऊन जा.