गोबरगॅस परवडतो का? आधी पाण्याचा हिशेब मांडा

प्रश्न (औसा तालुक्यातील एक शेतकरी) : दोन म्हशी, दोन बैल, एक गाय आहे. २ घनमीटरचा गोबरगॅस बांधला तर पैसे कधी निघतील? शिवाय आमच्या गटाला एकजण सोयाबीनच्या गुळीपासून (मळणीनंतरच्या भुशापासून) सीबीजीचा, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसचा, प्रकल्प टाका म्हणतो. टाकावा का?

उत्तर : पाच जनावरं दावणीला असली तर रोज ५० किलो शेण सहज मिळतं आणि किलोला साधारण ४० लिटर गॅस धरला, तर २ घनमीटरचा मेळ बसतो. बैल दिवसभर रानात असतील तर त्यांचं शेणही रानातच पडतं, ते निम्मंच धरा.

२ घनमीटर गॅस म्हणजे रोजचा ९०० ग्रॅम एलपीजी, वर्षाला २३ सिलिंडर. संयंत्र विकणारा हाच आकडा सांगतो. पण तुमच्या घरी वर्षाला आठच सिलिंडर लागत असतील तर बचत आठांचीच. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर ७,२०० रुपये. अनुदान वजा जाता खिशातले ३०,००० गेले असतील, तर चार वर्षं तरी लागतील. शेजारीच भावाचं घर असेल तर तिकडे पाइप न्या, म्हणजे उरलेला गॅसही कामी येईल. अनुदानाचा चालू दर पंचायत समितीत विचारून घ्या. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा एक सिलिंडर घरात राहू द्या.

आता पाणी. शेणाइतकंच पाणी लागतं, म्हणजे वर्षाला १८,००० लिटर. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात घरचं पाणीच टँकरवर असेल तर या फंदात पडू नका. गोठा धुतलेलं पाणी आणि स्लरीवरची (गॅस निघाल्यावर बाहेर पडणाऱ्या पातळ शेणावरची) निवळ परत शेण कालवायला वापरली तर बरंच भागतं. मात्र फिनेल टाकून धुतलेलं पाणी आत गेलं, की जिवाणू मरतात आणि गॅस बंद पडतो.

स्लरीबद्दल मी जे सांगतो ते बऱ्याच जणांना रुचत नाही. वर्षभराच्या स्लरीतलं नत्र युरियात मोजलं तर जेमतेम पावणेदोन गोण्या भरतं. अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे ५०० रुपयांच्या आतला माल. स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब वेगळं, पण ते शेण उकिरड्यात टाकलं असतं तरी थोडंफार मिळालंच असतं. खरी कमाई फरकाची आहे : उघड्या उकिरड्यातून उन्हापावसात नत्र निघून जातं, स्लरीत ते टिकतं, तणाचं बीही बरंच मरतं. तीच स्लरी तुम्ही खड्ड्याकाठी वाळवत ठेवली की फरक संपला. पाटाच्या पाण्यातून सोडा, नाहीतर पालापाचोळ्यावर ओतून कंपोस्ट करा.

राहिला सीबीजी. गुळी जनावराला घाला. दूधही मिळेल, शेणही. पऱ्हाट्या-तुराट्यांत काष्ठ जास्त, त्यांच्यापासून गॅस फार निघत नाही. त्यांच्या जळणाच्या कांड्या किंवा बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) करा, किंवा श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. पऱ्हाट्या वेळेत हलल्या तर गुलाबी बोंडअळीलाही आळा बसतो.

सीबीजीला आपल्याकडचा चांगला माल म्हणजे साखर कारखान्याचा प्रेसमड, उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. सुमारे २५ टनांतून १ टन गॅस निघतो. २०१८ ला सीबीजी खरेदीची केंद्राची 'सतत' योजना आली तेव्हा खरेदीचा दर किलोला ४६ रुपये होता. प्रेसमड टनाला २०० रुपयांनी महागला की गॅसचा खर्च किलोमागे ५ रुपयांनी चढतो. प्रेसमड मिळतो तोही फक्त गाळपाच्या हंगामात, आणि साठवला तर पडल्या पडल्या कुजून गॅस घटतो. मागे उरणाऱ्या सेंद्रिय खताला केंद्राने २०२३ ला टनाला १,५०० रुपये विपणन साहाय्य मंजूर केलं, पण ते खत उचलणारा गिऱ्हाईक आधी पाहिजे.

म्हणून प्रकल्प सुचवणाऱ्याला पुढच्या बैठकीत बोलवा आणि विचारा : प्रेसमड कोण देणार, किती वर्षं, कोणत्या दराने? उत्तर तोंडी असेल तर गटाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवू नका.