परदेश प्रवासासाठी एकच झूम लेन्स: १८-१३५, १७-७० की १८-३००?

तुमच्याकडे सोनीचा ए६४०० कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १६-५० लेन्स आहे. दोन आठवड्यांच्या परदेश प्रवासात जुनी शहरे, संग्रहालये आणि थोडा डोंगराळ भाग पाहायचा आहे, वाटेत लेन्स बदलत बसायचे नाही, आणि म्हणून सोनीची १८-१३५, टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ आणि टॅमरॉनचीच १८-३०० या तिघींपैकी कोणती एक घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. तुम्ही सांगितलेल्या ठिकाणांचा विचार करता मी १७-७० घ्यावी असे म्हणेन.

लेन्सच्या नावातले हे आकडे म्हणजे तिची मिलिमीटरमधली फोकल लेंथ: आकडा जितका लहान तितके रुंद दृश्य मावते, आणि जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते. लेन्स निवडताना बहुतेकांची नजर आधी मोठ्या आकड्याकडे जाते. परक्या देशात पुन्हा कधी जाणे होईल हे ठाऊक नसल्यामुळे दूरचे काही निसटू नये असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. मीही पहिल्या मोठ्या प्रवासाला याच विचाराने १८-२०० लेन्स घेऊन गेलो होतो. परतल्यावर सगळी छायाचित्रे फोकल लेंथनुसार लावून पाहिली, तेव्हा बहुतांश ५० मिलिमीटरच्या आतली निघाली. २०० वर काढलेली मोजकीच होती आणि त्यांतली संध्याकाळची जवळजवळ सगळी हललेली होती. छायाचित्राच्या फाइलमध्ये फोकल लेंथची नोंद आपोआप होत असते, त्यामुळे ही तपासणी तुम्हालाही घरबसल्या करता येईल. तुमच्या १६-५० ने काढलेली जुनी छायाचित्रे अशी लावून पाहा. सगळी गर्दी ५० वर दिसली, तर तुम्हाला लांबचे टोक खरोखरच कमी पडते आहे आणि माझ्या उत्तराचा तुम्ही फेरविचार करायला हवा. गर्दी १६ वर दिसली, तर मात्र पुढचा मुद्दा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

तुम्हाला आज १६ ची सवय आहे. १६ आणि १८ यांत दोनच मिलिमीटरचा फरक असला, तरी रुंद टोकाला हे दोन मिलिमीटर फार मोठे असतात. कॅमेरा आडवा धरून दहा मीटरवरच्या भिंतीचे छायाचित्र घेतले, तर तुमच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) १६ मध्ये सुमारे १४.७ मीटर, १७ मध्ये १३.८ मीटर आणि १८ मध्ये १३ मीटर रुंदी मावते. मोकळ्या मैदानात दोन पावले मागे सरकून ही तूट भरून काढता येते, पण जुन्या शहराच्या अरुंद गल्लीत मागे सरकायला जागाच नसते. एका जुन्या प्रार्थनास्थळात खांबाला पाठ टेकवून मी उभा होतो. समोरच्या कमानीचा डावा पाया आणि वरचे टोक एकाच वेळी चौकटीत घेण्यासाठी मी बराच वेळ धडपडलो, आणि शेवटी टोक कापूनच छायाचित्र घ्यावे लागले. १७-७० मध्येही तुमचा एक मिलिमीटर जाणार आहे, पण उरलेल्या दोघींपेक्षा तिचे नुकसान कमी आहे.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा आहे. अनेक संग्रहालयांत फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत, आणि शहरे सर्वांत सुंदर दिसतात ती दिवेलागणीला. अॅपर्चर म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, आणि एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे. १७-७० चे अॅपर्चर संपूर्ण झूमभर एफ/२.८ राहते; इतर दोघींचे अॅपर्चर झूम करत जाल तसे लहान होत जाते आणि ७० च्या आसपास ते एफ/५.६ च्या जवळ पोचलेले असते. एफ/५.६ वर सेन्सरला एफ/२.८ च्या एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. म्हणजे जे दृश्य १/८० सेकंदात टिपता आले असते, त्याला १/२० सेकंद लागतो, किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० वरून ६४०० वर न्यावा लागतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्थिरीकरण नाही, परंतु या तिन्ही लेन्समध्ये ते आहे, त्यामुळे हाताची थरथर बऱ्याच अंशी सावरली जाईल. समोर चालणारे माणूस मात्र स्थिरीकरणामुळे थांबत नाही. १/२० सेकंदात त्याचा चेहरा पुसट होतोच. प्रवासात मला इमारतींइतकीच माणसेही टिपावीशी वाटतात, म्हणून हा मुद्दा मी इतका लावून धरतो आहे.

७० च्या पुढचे काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तुमचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे. ७० वर घेतलेले छायाचित्र १३५ इतके जवळ दिसेपर्यंत कापले, तर साधारण साडेसहा मेगापिक्सेल उरतात आणि त्यांतून ए४ आकाराची बऱ्यापैकी प्रत छापता येते. ३०० पर्यंत कापायला गेलात, तर जेमतेम १.३ मेगापिक्सेल हाती लागतात, आणि ते कामाचे नाहीत. डोंगरातले पक्षी किंवा वन्यप्राणी तुमच्या यादीत असते, तर मी निःसंकोच १८-३०० सुचवली असती. ती वाईट लेन्स नाही; रुंद टोकाला ती लेन्सच्या अगदी पुढ्यात ठेवलेल्या फुलावरही फोकस करते. पण तिचे वजन ६२० ग्रॅम आहे, आणि दिवसभर गळ्यात अडकवल्यावर ते मानेला जाणवते. शिवाय अशा लांब पल्ल्याच्या लेन्सची नळी, थोडी वापरात आली की, कॅमेरा खाली लोंबत असताना आपल्या वजनानेच बाहेर घसरू शकते, आणि ते टाळायला चालताना ती १८ वर कळ लावून अडकवून ठेवावी लागते.

वजनाच्या बाबतीत १८-१३५ सरस आहे. ती ३२५ ग्रॅमची आहे, तर १७-७० चे वजन ५२५ ग्रॅम भरते. तुमचा बहुतेक वेळ उजेडात, डोंगरवाटांवर चालण्यात जाणार असता, तर मी तीच घ्या म्हटले असते. धूळ आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून थोडेफार संरक्षण मात्र टॅमरॉनच्या दोन्ही लेन्सना आहे आणि सोनीच्या या लेन्सला नाही, हेही जमेस धरा. तुमची जुनी १६-५० अवघी ११६ ग्रॅमची आहे. ती पिशवीच्या कोपऱ्यात राहू द्या. लेन्स बदलायची नाही हा तुमचा निश्चय त्याने मोडत नाही, आणि नवी लेन्स वाटेत बिघडलीच तर कॅमेरा निकामी होणार नाही.

कोणतीही लेन्स घेतलीत तरी निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे आधी घ्या. विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ धरून, सर्वांत मोठ्या अॅपर्चरवर, झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर एकेक छायाचित्र काढा आणि संगणकावर पूर्ण आकारात चारही कोपरे पाहा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, असतील तर ते या प्रकारच्या लेन्सच्या स्वभावातच आहे. तीन कोपऱ्यांत विटांमधल्या रेषा स्वच्छ दिसत असतील आणि चौथ्यात त्या दर वेळी विरघळल्यासारख्या दिसत असतील, तर आतले भिंग किंचित तिरपे बसले आहे असे समजा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी ती लेन्स बदलून घ्या.