सेकंडहँड विमानाच्या जाहिरातीत 'झीरो टाइम इंजिन' लिहितात, ते कोरं इंजिन असतं का? मग गाडीचं फुल इंजिन काम केल्यावर तसं का म्हणत नाहीत?

कोरं असेलच असं नाही. तुम्ही बहुधा अमेरिकेतल्या जाहिराती पाहिल्यात, म्हणून तिथला नियम सांगतो.

पिस्टन इंजिन पूर्ण खोललं, साफ केलं, तपासलं आणि मंजूर पद्धतीनं बांधून चाचणी घेतली की ते ओव्हरहॉल्ड. यात थोडा झिजलेला, पण मर्यादेत बसणारा भाग परत घालता येतो. रीबिल्ट म्हणायचं तर जुना भागही नव्याच्या मापात किंवा मंजूर ओव्हरसाइझ-अंडरसाइझ मापात बसायला हवा. खरी मेख पुढे आहे. रीबिल्ट इंजिनाचे मागचे तास पुसून कोरं लॉगबुक (इंजिनाची नोंदवही), म्हणजेच 'झीरो टाइम', फक्त निर्माता किंवा त्यानं मान्यता दिलेली संस्थाच देऊ शकते. दुसऱ्या शॉपनं कितीही सुंदर काम केलं तरी एकूण तास पुढेच चालतात. 'ओव्हरहॉलनंतर इतके' असा वेगळा आकडा शेजारी येतो, एवढंच. म्हणजे शून्य तासांच्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनाचा क्रँककेस (बाहेरचं कवच) आधी दुसऱ्याच विमानात 2000 तास उडालेला असू शकतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, माप बरोबर असलं की झालं.

जेटमध्ये तर अख्ख्या इंजिनाचं वय विचारण्यात फारसा अर्थ नाही. बोइंग 737 वरच्या सीएफएम56-7बी इंजिनाच्या फॅन डिस्कची (पंख्याची पाती धरणाऱ्या चकतीची) आयुष्यमर्यादा साधारण 30,000 सायकल, गाभ्यातल्या डिस्कची 20,000. एक उड्डाण म्हणजे एक सायकल. एकाच इंजिनात वेगवेगळ्या वयाच्या डिस्क सुखानं नांदतात. पण प्रत्येकीचा पहिल्या दिवसापासूनचा सातबारा लागतो. तो हरवला तर चकचकीत डिस्कही बसवता येत नाही.

गाडीच्या इंजिनाला असं लॉगबुकच नसतं. किलोमीटर मोजतो तो मीटर गाडीचा. 'हाफ इंजिन', 'फुल इंजिन' यांचे अर्थ गॅरेजागणिक बदलतात. बोअर मारून (सिलिंडर आतून थोडा मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन घाला, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह सगळं बदला, ब्लॉकवरचा नंबर तोच तर आरटीओच्या लेखी इंजिन तेच. उलट भंगारातून आणलेलं थकलेलं इंजिन बसवलंत तर आरसीवर नंबर बदलून घ्यावा लागतो, कागदोपत्री ते 'नवं'!

विमान खरेच घेणार असाल तर विक्रेत्याला विचारा, शून्य कोणी केलं? कारखान्याचं नाव सांगता आलं नाही तर जुनी लॉगबुकं मागा आणि एकूण तासांचा आकडा बघा.