वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीचे सरकते छत

प्रश्न : आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९३७ सालची मॉरिस एट आहे. तिचे छत मागे सरकवता येते. परंतु गेली काही वर्षे ते जागचे हलत नाही आणि पावसाळ्यात पुढच्या आसनांवर पाणी ठिबकते. ओळखीच्या डेंटरच्या मते फटीत सिलिकॉन भरून छत कायमचे बंद करावे, नाहीतर ते काढून काचेचे सनरूफ बसवावे. यांपैकी कोणता मार्ग बरा?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन्ही मार्ग टाळावेत, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे. त्या काळातील सरकत्या छताच्या रचनेत फटीतून थोडे पाणी आत येणार, हे गृहीतच धरलेले असे. ते पाणी छताभोवतीच्या पत्र्याच्या पन्हळीत पडते आणि पन्हळीच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक नळ्या ते खांबांच्या आतून गाडीबाहेर नेतात. आसनावर पाणी येते याचा अर्थ बहुधा एखादी नळी तुंबली आहे किंवा पन्हळ सडली आहे. अशा वेळी वरून सिलिकॉन भरल्यास आत शिरलेला ओलावा तिथेच कोंडून राहतो, पत्रा आतून गंजत जातो, आणि पुढे रंग द्यायची वेळ आली की सिलिकॉनच्या राहिलेल्या अंशावर रंग धरत नाही.

म्हणून आधी नळ्या तपासाव्यात. गाडी सपाट जागी उभी करून छत हलक्या हाताने, दोन्ही बाजूंना सारखा जोर लावून मागे सरकवावे. एकाच बाजूने ढकलल्यास ते तिरके होऊन रुळांत अडकते. मग पन्हळीत पेलाभर पाणी सावकाश ओतावे आणि खाली प्रत्येक नळीच्या तोंडाशी भांडे धरावे. जिथून पाणी येत नाही ती नळी तुंबलेली. आणि भांड्यांत पडलेले पाणी ओतलेल्या पाण्यापेक्षा बरेच कमी भरले, तर ते वाटेत कुठेतरी मुरते आहे. आपल्याकडे नळ्यांत कडुनिंबाची पाने आणि धूळ तर साचतेच, पण कुंभारीण माशी नळीच्या खालच्या तोंडात मातीचे घर बांधते आणि ते वाळून दगडासारखे घट्ट होते. ही माती भिजवून, जाड नायलॉनची दोरी खालून वर सरकवत मोकळी करावी. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण जुनी रबरी नळी सांध्यातून निसटली, तर खांबाच्या आत हात पोचत नाही आणि सगळे अस्तर उसवावे लागते.

पन्हळ सडलेली निघाल्यास अस्तर काढणे भागच आहे. ते ओढून फाडू नये. चुका (बारीक खिळे) एकेक करून उपटाव्यात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. अस्तर व लाकूड जागेवर असताना वेल्डिंग मुळीच करू देऊ नये, कारण ठिणगीने आतल्या आत आग धरते.

छताच्या चौकटीतले लाकूड हा सर्वांत नाजूक भाग आहे. ब्रिटिश कारखाने अशा कामास प्रामुख्याने ॲश लाकूड वापरत. आपल्या भागात चांगले वाळलेले सागवान हा त्यास योग्य पर्याय आहे. सागवान तेलकट असल्याने सांधा चिकटवण्यापूर्वी तो थिनरने पुसून घ्यावा, अन्यथा गोंद सुटतो. शिवाय नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि त्यानंतर महिन्याभरातच पावसाळा येतो. त्यामुळे वैशाखात आखडलेले लाकूड श्रावणात फुगते. उन्हाळ्यात नेमकी मापात बसवलेली फळी पावसात अडकणारच, म्हणून बाजूंना थोडी मोकळीक सोडावी आणि लाकडाच्या सर्व कडा, दिसत नसलेल्या धरूनही, वॉर्निशने बंद कराव्यात.

रुळांखालचा नमदा (दाबलेल्या लोकरीची जाड पट्टी) झिजला असल्यास तेवढ्याच जाडीचा नवा घालावा आणि रुळांना ग्रीस लावू नये. ग्रीसमध्ये उन्हाळ्याची धूळ मिसळून खरखरीत लगदा होतो. साधी मेणबत्ती घासली तरी छत सहज सरकते.

काचेच्या सनरूफबद्दल एक वेगळी अडचण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने असावे लागते आणि ते मूळ स्वरूपात राखलेले, म्हणजे चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले असावे लागते. छताचा पत्रा कापून काच बसवणे हा बॉडीतला फेरबदल आहे, आणि कापलेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीच्या सरकत्या फळीवरचे रेक्झिन उन्हाने तडकले आहे. नवे लावताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मूळ रंगाचे व पोताचे, दोन्ही दिशांना थोडे ताणले जाणारे रेक्झिन निवडावे आणि ते तासभर उन्हात ठेवून मऊ झाल्यावरच ताणावे, म्हणजे सुरकुत्या राहत नाहीत. साधा चिकटपदार्थ आपल्या उन्हाळ्यात सुटतो. उष्णता सोसणारा घ्यावा आणि तरीही त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. किनार चुकांनीच पक्की करावी, आणि त्या तांब्याच्या असाव्यात, कारण लोखंडी चुका पावसाळ्यात गंजून रेक्झिनवर तपकिरी डाग पडतात.