मेक्सिकन हॉट सॉस चांगला आहे की नुसताच तिखट, हे चाखून कसं ओळखायचं?

बोटावर घेऊन चाटू नका, तसा कुठलाही सॉस आंबटच लागतो. मी कोमट ज्वारीच्या भाकरीवर दोन थेंब टाकतो. मेक्सिकोत मक्याच्या तोर्तियाबरोबर खातात, त्याला आपली भाकरीच जवळची.

आधी वास. नाकात फक्त व्हिनेगरचा झणका आला तर मिरचीत कंजुषी केलीय समजा. सुक्या मिरचीच्या चांगल्या सॉसला भाजलेला वास असतो, चटणीसाठी तव्यावर मिरच्या परतताना येतो तसा (ठसका सोडून). मग जिभेवर क्रम बघा: आंबट, खारट, मिरचीची चव आणि तिखट सगळ्यात शेवटी. तिखट पहिल्याच क्षणी चढलं आणि मागं चव काहीच उरली नाही, तर माझ्या लेखी नापास.

आपल्याकडं कसं, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. तिकडं ग्वाहियो मिरची रंगाला, आर्बोल मिरची तिखटाला. सॉस हाबानेरो मिरचीचा असेल तर जपून. वास फळासारखा, पण तिखट आर्बोलच्या कितीतरी पट.

आणि टबास्को सॉस मेक्सिकन नव्हे. नाव तिकडच्या राज्याचं, पण 1868 पासून तो अमेरिकेतल्या लुइझियानाचा.

तोंड पोळलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दही घ्या. मी एकदा मधेच कुंदा खाल्ला, मग पुढच्या बाटलीची चवच कळेना.